टॉलेमीला नवे जग जोडणारा जर्मन पंडित

पश्चिम जर्मनीत 1960च्या दशकात चलनात आलेल्या शंभर मार्कांच्या नोटेवर काळी टोपी घातलेल्या एका गंभीर वृद्धाचे चित्र होते. तो सेबास्टियन म्यून्स्टर. मध्ययुगाच्या अखेरीस युरोपला जग नव्याने दाखवणाऱ्यांत त्याचे स्थान फार वरचे आहे.

म्यून्स्टरचा जन्म 1488 मध्ये मायन्त्सजवळील इंगेलहाइम येथे शेतकरी कुटुंबात झाला. तरुणपणीच तो फ्रान्सिस्कन संन्यासी झाला. कोनराड पेलिकान याच्याकडे तो हिब्रू शिकला आणि ट्यूबिंगेनमध्ये योहानेस स्टोफ्लर याच्याकडे गणित व खगोलशास्त्र. त्या काळातील त्याच्या वहीत टॉलेमीच्या नकाशांच्या प्रतिकृती आढळतात. ही विद्यार्थिदशेतील ओढ त्याला आयुष्यभर पुरली.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहणाऱ्या टॉलेमीने सुमारे आठ हजार ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आपल्या भूगोलग्रंथात नोंदवले होते. महाराष्ट्रही त्यात आहे: सोपारा, नाशिक, तेर आणि पैठण. पैठण ही ज्या राजाची राजधानी म्हणून येते, तो सातवाहन पुळुमावी असल्याचे अभ्यासक मानतात. आल्प्सच्या उत्तरेकडे हा ग्रंथ नकाशांसह प्रथम छापला गेला तो 1482 मध्ये, जर्मनीतील उल्म येथे.

परंतु म्यून्स्टरच्या पिढीसमोर मोठा पेच होता. टॉलेमीच्या जगात अमेरिका नव्हती, हिंदी महासागर जमिनीने वेढलेला होता आणि भारताचे द्वीपकल्प जवळजवळ सपाट झाले होते. दर्यावर्दी मात्र दुसरेच काही पाहून परतत होते. तेराशे वर्षांचा पूज्य ग्रंथ टाकून द्यावा, की डोळ्यांनी पाहिलेले नाकारावे?

म्यून्स्टरने दोन्ही टाळले. 1540 मध्ये बाझेल येथे त्याने टॉलेमीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मजकूर न्यूरेंबर्गच्या पिर्कहाइमरच्या लॅटिन भाषांतराचा होता. जुने नकाशे जसेच्या तसे ठेवून त्याने त्यांच्यासोबत नवे नकाशे जोडले. युरोप, आफ्रिका, आशिया आणि अमेरिका या चारही खंडांना त्यात स्वतंत्र नकाशा मिळाला. जुने आणि नवे शेजारी ठेवल्याने तुलना करण्याचा अधिकार वाचकाकडे आला.

तोवर त्याच्या स्वतःच्या आयुष्याचा नकाशाही बदलला होता. हायडेलबर्गमध्ये हिब्रू शिकवणारा हा संन्यासी 1529 मध्ये संघ सोडून बाझेलला गेला आणि धर्मसुधारणेच्या बाजूस आला. पुढल्या वर्षी त्याने मुद्रक आडाम पेत्री याच्या विधवेशी विवाह केला. सावत्र मुलगा हाइनरिश पेत्री हा त्याच्या ग्रंथांचा मुद्रक झाला.

जर्मन भूमीचे वर्णन एकट्याने होणारे नव्हे, हे ओळखून म्यून्स्टरने 1528 मध्येच जर्मन विद्वानांना आवाहन केले होते: प्रत्येकाने आपापल्या गावाच्या परिसराची मोजणी करून नकाशा पाठवावा. अनेक वर्षांच्या पत्रव्यवहारातून आणि प्रवासातून 1544 मध्ये ‘कॉस्मोग्राफिया’ सिद्ध झाली. विद्वानांच्या लॅटिनऐवजी ती प्रथम लोकांच्या जर्मन भाषेत आली. पुढे लॅटिन, फ्रेंच अशा भाषांत ती गेली आणि 1628 पर्यंत तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

ग्रंथात दोषही होते. अमेरिकेच्या नकाशात उत्तरेकडे एक खोटा समुद्र घुसला होता. भारताच्या प्रकरणात श्वानमुखी आणि एकपाद माणसांची चित्रे होती. ती प्राचीन ग्रंथांतून आली होती. युरोपाबाहेर पाऊल न टाकलेल्या लेखकाला दूरच्या देशांसाठी इतरांच्याच शब्दावर विसंबावे लागत होते. मात्र जिथे माहिती देणारी माणसे स्वतःच्याच प्रदेशाबद्दल लिहीत होती, तिथे त्याचा ग्रंथ भक्कम ठरला.

26 मे 1552 रोजी बाझेलमध्ये प्लेगने म्यून्स्टरचे निधन झाले. जर्मनांचा स्ट्रॅबो म्हणून, त्या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या नावाने, त्याचा गौरव झाला. शंभर मार्कांची नोट आता व्यवहारातून गेली आहे. पूर्वसूरींचा मान राखूनही त्यांच्या शेजारी नवे सत्य मांडता येते, हा त्याने घालून दिलेला धडा मात्र जुना झालेला नाही.