दोरीपलीकडच्या टाळ्या

फेब्रुवारी १९०६. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन या दोन संघांचा सामना सुरू होता. जिमखान्याच्या मंडपात गोरे सभासद बसत. एतद्देशीय माणसाला तिथे प्रवेश होता तो फक्त सेवक म्हणून. उरलेली मुंबई दोरीच्या बाहेर. गिरणगावातले, गिरगावातले, बाजारपेठेतले लोक उन्हात उभे राहून सामना पाहत. त्यांना ना खुर्ची होती ना सावली, पण आवाज त्यांचाच मोठा होता. हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या आणि युरोपियनांना १९१ धावांत रोखले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. त्यानंतर युरोपियनांचा डाव १०२ धावांत आटोपला आणि १०९ धावांनी विजय झाला, तेव्हा मैदानाभोवतीच्या गर्दीला आवर घालणे कठीण होते. वंगभंगाची चळवळ पेटलेली होती, स्वदेशीची हवा गावोगाव पोचली होती आणि आदल्याच वर्षी जपानने रशियाला नमवले होते. अशा दिवसांत साहेबाला त्याच्याच खेळात, त्याच्याच मैदानावर हरवले गेले होते.

त्या विजयाच्या शिल्पकारांपैकी एक होता डावखुरा मंदगती गोलंदाज. दोरीबाहेरच्या गर्दीने ज्याच्या नावाचा जयजयकार केला, त्याच्या हातचे पाणी त्या गर्दीतल्या कित्येकांना चालले नसते. पालवणकर बाळू हे त्याचे नाव.

बाळूंचा जन्म १८७५च्या सुमारास धारवाडला, एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करात शिपाई होते, त्यामुळे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसऱ्याने गेले. चांगले इंग्रजी शाळेत शिकून नोकरी मिळवावी ही वाट त्या घराला खुली नव्हती. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटबॉलवर मात्र मुलांचा हात बसला. बाळूंना पहिली नोकरी मिळाली ती पारशांच्या एका क्रिकेट मैदानावर झाडलोट करण्याची आणि रूळ फिरवण्याची. महिना तीन रुपये पगार. १८९२च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये गेले. तिथे चार रुपये मिळत आणि काम तेच होते. खेळपट्टी आखायची, जाळी बांधायची आणि वेळ पडल्यास साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे.

या शेवटच्या कामाने त्यांचे आयुष्य पालटले. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासभर सराव करी. बाद केल्याबद्दल ग्रेग दर वेळी आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्या जाळ्यात टाकलेल्या हजारो चेंडूंनी बाळूंचा हात घडवला, यात शंका नाही. दोन्ही बाजूंना वळणारा चेंडू, टप्प्यावरची हुकमत आणि न थकणारा खांदा ही त्यांची पुंजी. पुढे त्यांची तुलना इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी होऊ लागली. पूना क्लबात मात्र त्यांच्या हाती कोणी बॅट दिली नाही. गोलंदाजी हे राबण्याचे काम, फलंदाजी हा सरदारी थाट. ही वाटणी साहेबांनाही मान्य होती आणि आपल्याकडच्या उच्चवर्णीयांनाही.

पुण्याच्या हिंदू क्लबला युरोपियनांशी दोन हात करायचे होते आणि शहरातला सर्वोत्तम गोलंदाज अस्पृश्य होता. हा पेच त्या क्लबातल्या मंडळींनी ज्या रीतीने सोडवला, ती आज वाचताना मान खाली जाते. मैदानावर बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळे झेलत. तो चेंडू कोणाला विटाळत नसे. चहाची वेळ झाली की इतरांना मंडपात चिनी मातीच्या कपांतून चहा मिळे आणि बाळूंना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून. ते भांडे नंतर फेकून देता येत असे. हातपाय धुण्याचे पाणी वेगळ्या कोपऱ्यात, तेही अस्पृश्य सेवकाच्याच हातून. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी.

प्रेक्षकांचा कल मात्र याच काळात दिसू लागला होता. सातारच्या गोऱ्या जिमखान्याशी पुण्याचा सामना ठरला, तेव्हा बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरवला गेला, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुणे जिंकले. सातारकरांनी त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढली. मराठ्यांच्या राजधानीत चर्मकाराच्या मुलाला हत्तीवर बसवणारे लोक कोणी सुधारक नव्हते. ते सामना पाहायला आलेले साधे बघे होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी मग पुण्यात जाहीर सभेत बाळूंना हार घातला आणि ज्यांच्याबरोबर खेळता त्यांच्याबरोबर चहा का पीत नाही, अशा अर्थाचे खडे बोल क्लबच्या मंडळींना सुनावले. सुधारणेचा विचार रानडे कितीतरी वर्षे मांडत होते. या खेपेला त्यांना गर्दीचे पाठबळ मिळाले होते, एवढाच फरक.

शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला आले. रेल्वेच्या नोकरीमुळे तिच्या संघातून खेळता आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घेण्यास काही सभासदांचा विरोध होता. कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला आणि तो मोडून काढला. मुंबई पुण्याहून थोडी मोकळी होती. जिमखान्यातल्या उपाहारगृहात बाळूंना इतरांबरोबर बसता येऊ लागले. १९०६च्या विजयी संघात त्यांचे धाकटे बंधू शिवरामही होते, आणि त्या विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या सहभोजनाची आवर्जून दखल घेतली. धावांचा आकडा सगळ्याच पत्रांनी छापला. जेवणाच्या टेबलाची बातमी मात्र या पत्राला मोलाची वाटली.

मुंबईच्या त्या प्रेक्षकवर्गाविषयी थोडे थांबून सांगायला हवे. १८९२पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात दरवर्षी सामना होई. १९०७पासून हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२पासून मुसलमानांसह चौरंगी. संघ धर्माचे, म्हणून प्रेक्षकही धर्माचे. ज्याचा त्याचा तंबू, ज्याची त्याची घोषणा. ही रचना आता विचित्र वाटते आणि तेव्हाही काहींना वाटत होती. पुढे १९४० साली, स्पर्धा पंचरंगी झालेली असताना, गांधीजींनी मुंबईच्या क्रीडारसिकांना असे जातीय सामने बंद करण्याचे आवाहन केले. तरीही सामने १९४६पर्यंत चालू राहिले. पण या रचनेचा एक परिणाम तिच्या कर्त्यांच्या ध्यानातही आला नसेल. हिंदू म्हणून एकत्र ओरडायचे, तर ज्याच्या चेंडूवर गडी बाद होतो तोही हिंदूच मानावा लागतो. बाळूंचा जयजयकार करणाऱ्याला त्यांची जात माहीत नव्हती असे नाही. संध्याकाळी तो घरी जाऊन स्नानही करत असेल. तरी दिवसभर तो बाळूंच्या बाजूने उभा राहिलेला असे, आणि हे वर्षानुवर्षे, हजारोंच्या साक्षीने घडत गेले.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली सर्व समाजांतल्या खेळाडूंचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज पार्ट्यांतच अधिक रमले आणि संघाने बरेच सामने गमावले. खांदा दुखत असतानाही बाळू गोलंदाजी करत राहिले. दौऱ्यातल्या सर्व सामन्यांत मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ. लेस्टरशायरवरच्या विजयात त्यांचा वाटा मोठा होता. सॉमरसेटविरुद्धची अटीतटीची लढत शिवरामच्या शतकाने जिंकून दिली. परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या समारंभातले मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने लिहिले होते, असे सांगितले जाते. आपल्यातला एक माणूस हजारोंच्या टाळ्या घेतो, हे दृश्य त्या पिढीतल्या मुलांसाठी किती मोठे होते, याचा अंदाज आज बांधणे सोपे नाही.

एवढे सगळे होऊन कर्णधारपद मात्र मिळाले नाही. अनुभव, कामगिरी आणि खेळाची जाण या तिन्ही बाबतींत बाळू इतरांहून सरस होते, हे संघातही मानले जाई. एम. डी. पै कर्णधार झाले तेव्हा हा मान खरा बाळूंचा, असे त्यांनीच जाहीरपणे सांगितले. पण निवड समितीत बसणारे दोरीबाहेरचे नव्हते. चेंडू अस्पृश्याच्या हाती देता येत होता. ब्राह्मणाने कोठे उभे राहायचे हे अस्पृश्याने सांगावे, ही कल्पना त्यांच्या पचनी पडत नव्हती.

१९२० साली हे उघड्यावर आले. पै आजारी असल्याने मुसलमानांविरुद्धच्या सामन्यात प्रा. दि. ब. देवधरांना कर्णधार केले गेले आणि बाळूंना संघातूनच वगळले. ते पंचेचाळिशीचे झाले होते. वयाचे कारण देता आले असते. पण शिवराम आणि सर्वात धाकटे विठ्ठल हे दोघे फॉर्मात असताना त्यांनाही डावलून नेतृत्व दुसऱ्याकडे गेले होते. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपल्याला जातीमुळे डावलले जाते, हे निवेदन काढून लोकांसमोर ठेवले. वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. त्याच डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध बोलत होते. लोकमताचा रेटा समितीला जाणवला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी दोघे भाऊ परतले, पै पुन्हा कर्णधार झाले आणि बाळू उपकर्णधार. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरती हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. चौदा-पंधरा वर्षांच्या सेवेनंतर मिळालेली ती काही षटके. मोठ्या सामन्यांतली त्यांची कारकीर्दही तिथेच संपली.

१९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली. दोरी तोडून लोक मैदानात धावले आणि त्यांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतले. खांदा देणाऱ्यांत उच्चवर्णीय होते, हे तेव्हाच्या लोकांनी मुद्दाम नोंदवून ठेवले. पुण्याच्या मंडपाबाहेरच्या मातीच्या भांड्यापासून इथवर यायला जवळजवळ तीस वर्षे लागली होती.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले. १९३२च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्यांचे मानपत्र एकेकाळी आंबेडकरांनी लिहिल्याचे सांगतात, तेच आता त्यांच्यासमोर उमेदवार होते. बाळूंना अकरा हजारांहून अधिक मते पडली आणि ते सुमारे दोन हजारांनी हरले. मैदानावरची जुनी पुण्याई अजून पुरती विसरली गेली नव्हती, पण अस्पृश्य तरुणांना आता टाळ्यांपेक्षा हक्क हवे होते आणि ते कोण मिळवून देईल, हे त्यांनी ठरवले होते. बाळूंनी मैदानात सोसलेले आणि आंबेडकरांनी महाडच्या तळ्यावर जाब विचारलेले दुःख एकच होते, पण मार्ग वेगळे पडले.

विठ्ठल पालवणकरांचे ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले. पालवणकर बंधूंविषयी जे आज कळते, त्यातले पुष्कळसे या पुस्तकाच्या आधाराने. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम दर्जाचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१ अशी त्यांची नोंद सापडते. चौरंगीतल्या हिंदू संघाच्या कर्णधारांच्या यादीत त्यांचे नाव नाही.