डागांमागचा माणूस : डॉ. फ्रेडरिक मॅके

माझं आजोळ हिंगोली जिल्ह्यातलं गोरेगाव. सुट्टीत तिथे किनवटकडचा मावसभाऊ यायचा. त्याच्या दातांवर तपकिरी डाग होते, म्हणून तो तोंडावर हात धरून हसायचा. दात घासत नाहीस का, असं आम्ही त्याला चिडवायचो. फ्लोरोसिस हा शब्द मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळला आणि त्याचबरोबर डॉ. मॅकेही.

१९०१ मध्ये तरुण मॅके अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला दातांचे डॉक्टर म्हणून आले. तिथे कितीतरी लोकांचे दात असेच डागाळलेले! बाकीच्या डॉक्टरांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मॅकेंनी मात्र प्रश्न सोडला नाही. १९०९ मध्ये नामवंत दंततज्ज्ञ डॉ. जी. व्ही. ब्लॅक मदतीला आले. दोन गोष्टी लक्षात आल्या. लहानपणी, दात तयार होतानाच हे डाग पडतात. आणि गंमत म्हणजे, डागाळलेले दात सहसा किडत नाहीत.

१९१५ मध्ये ब्लॅक वारले. मॅकेंचा संशय पाण्यावर होता, पण पाण्यात काही सापडेना. आयडाहोमधल्या ओकली गावात मुलांच्या दातांवर डाग दिसू लागले, तेव्हा त्यांनी तिथली नवी पाइपलाइनच बंद करायला लावली. पुढच्या मुलांचे दात स्वच्छ आले!

अखेर १९३१ मध्ये अल्कोआ कंपनीचे केमिस्ट चर्चिल यांना बॉक्साइट गावच्या पाण्यात लिटरला १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड सापडलं. तीस वर्षांचं कोडं सुटलं. पुढे डॉ. डीन यांनी दाखवलं की लिटरला साधारण १ मिलिग्रॅम असेल तर डाग फारसे पडत नाहीत, आणि कीडही कमी होते. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने पाण्यात तेवढं फ्लोराइड मिसळलं. तिथल्या मुलांमधली कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली. हे सगळं पाहून मॅके १९५९ मध्ये गेले.

पुढच्याच वर्षी पहिला लेसर चमकला. लेसर दिलेलं इनॅमल ॲसिडमध्ये कमी विरघळतं, हे १९६० च्या दशकातच दिसलं. आता लेसर आणि फ्लोराइड दोन्ही मिळून दात किती टणक होतो, यावर संशोधन चालू आहे.

म्हणजे फ्लोराइड मित्र की शत्रू? प्रश्न फक्त प्रमाणाचा! माझा भाऊ आळशी नव्हता, त्याच्या बोअरचं पाणी कुणी तपासलं नव्हतं. मित्रांनो, तुमच्या गावचं तपासलंय का?