पंतप्रधानांची लघवी अडली तेव्हा

हॅरॉल्ड मॅकमिलन यांचा जन्म १८९४चा. प्रकाशकाच्या घरात वाढलेले मॅकमिलन पहिल्या महायुद्धात अनेकदा जखमी झाले आणि १९५७मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले.

ऑक्टोबर १९६३मध्ये ते ६९ वर्षांचे होते. पक्षाचे अधिवेशन तोंडावर होते आणि पदावर राहून निवडणूक लढवायचे त्यांच्या मनात पक्के होत होते. ७ तारखेच्या रात्री त्यांची लघवी अडली. असह्य वेदना होत असतानाही दुसऱ्या दिवशी त्यांनी मंत्रिमंडळाची बैठक घेतली. त्या रात्री ते रुग्णालयात दाखल झाले. १० तारखेला प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. त्याच दिवशी, ते पद सोडणार असल्याचे पत्र ब्लॅकपूलच्या अधिवेशनात वाचून दाखवण्यात आले. १८ तारखेला त्यांनी राजीनामा दिला.

ग्रंथीची वाढ साधी निघाली, कर्करोग नव्हता. मॅकमिलन पुढे २३ वर्षे जगले, आत्मचरित्राचे सहा खंड लिहिले आणि १९८६मध्ये ९२व्या वर्षी वारले. पद सोडण्याची घाई झाली, ही खंत मात्र त्यांना राहिली.

त्या काळी ओटीपोटावर छेद घेऊन वाढलेला भाग काढण्याची पद्धत रूढ होती. टेरेन्स मिलिन यांनी १९४५मध्ये तिची सुधारित रीत मांडली होती. तरीही बरे व्हायला कित्येक आठवडे लागत. आज बहुतेक रुग्णांना छेद लागत नाही. ‘टीयूआरपी’मध्ये मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने ग्रंथी आतून खरवडतात. ग्रंथी फार मोठी असेल तर होल्मियम लेसरने वाढलेला भाग सोडवून काढतात. लेसरमध्ये रक्तस्राव कमी होतो; रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांना त्याचा फायदा होतो. लेसरची सोय नसेल किंवा मूत्राशयात मोठा खडा असेल, तर उघडी शस्त्रक्रिया आजही उपयोगी पडते. या तिन्ही पद्धतींनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते. त्याने अपाय होत नाही, पण हे आधीच विचारून घ्यावे.

लघवी पूर्ण अडली तर तासभरही घरी थांबू नये. मात्र नळी घालून ती मोकळी झाली की बहुतेकदा घाईचे कारण उरत नाही. मग ग्रंथीचा आकार, मूत्रपिंडांची स्थिती आणि कर्करोगाची शंका तपासून पद्धत निवडता येते. आयुष्यातले मोठे निर्णयही त्यानंतरच घ्यावेत.