लोकमान्य टिळकांचे अखेरचे दिवस : मृत्यू झाला हे डॉक्टर कसे ठरवतात?

आयसीयूच्या दाराबाहेर थांबलेल्या नातेवाईकांना एक प्रश्न हमखास पडतो. मॉनिटरवर ठोके दिसतात, छाती वरखाली होते, हात लावला तर अंग उबदार लागते. मग आपला माणूस गेला असे डॉक्टर कशावरून म्हणतात? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी कोणाला पडला नसता. तो आज का पडतो हे समजून घेण्यासाठी तुम्हाला परिचित असलेल्या एका आयुष्याकडे पाहू या.

रत्नागिरी ते मंडाले

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. त्यांची बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ पुण्याला आला. कॉलेजात गेल्यावर आपली प्रकृती अगदीच किरकोळ आहे हे त्यांच्या लक्षात आले, म्हणून त्यांनी पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामाला दिले. त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले, पण कमावलेले शरीर पुढे दोन मोठ्या तुरुंगवासांत कामाला आले.

१८८१ मध्ये केसरी सुरू झाला. १८९७ मध्ये राजद्रोहाची पहिली शिक्षा झाली आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची दुसरी. ती भोगायला त्यांना ब्रह्मदेशातील मंडालेला नेले. योगायोग असा की मंडालेचा पदच्युत राजा थिबा त्याच काळात रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. टिळक मात्र १९१४ मध्ये सुटून आले.

मंडालेत त्यांनी गीतारहस्य लिहिले. मधुमेहही सोबत होता. त्या वेळी मधुमेहावर पथ्यापलीकडे फारसा उपाय नव्हता, आणि हे पथ्य तुरुंगात सांभाळायचे होते. १९१२ मध्ये पुण्यात पत्नी सत्यभामाबाई वारल्या, ती बातमीही त्यांना कोठडीतच कळली.

जुलै १९२०

त्या वर्षी जुलैमध्ये टिळक ताईमहाराज प्रकरणाच्या कामासाठी मुंबईला आले आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरले. तिथे त्यांना ताप आला. २३ तारखेला चौसष्ट वर्षे पूर्ण झाली, पण ताप हटेना. पुढे न्यूमोनिया झाला, वातात बोलणे सुरू झाले आणि हृदय थकत गेले.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाला जंतुसंसर्ग झाला की तो लवकर बळावतो आणि साखरही बिघडवतो. शिवाय त्या डॉक्टरांच्या हाती ना पेनिसिलिन होते ना इन्सुलिन. इन्सुलिन पहिल्यांदा रुग्णाला दिले गेले जानेवारी १९२२ मध्ये, म्हणजे दीड वर्षानंतर. नामांकित डॉक्टर उशाशी होते, पण त्यांना आधार देण्यापलीकडे फार काही करता येत नव्हते.

३१ जुलैची मध्यरात्र उलटली आणि टिळकांचे प्राण गेले. म्हणून त्यांची पुण्यतिथी १ ऑगस्टला असते.

तेव्हाची कसोटी

त्या काळी मृत्यू ठरवताना डॉक्टर नाडी पाहत, छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके आणि श्वास ऐकत, बाहुल्यांवर प्रकाश टाकत. नाडी नाही, ठोके नाहीत, श्वास नाही आणि विस्फारलेल्या बाहुल्या प्रकाशाने आकुंचन पावत नाहीत, एवढे झाले की मृत्यू निश्चित होई. अंग गार पडणे आणि ताठरणे या खुणा नंतरच्या. त्याच दिवशी मुंबईच्या पावसात लाखोंचा जमाव लोटला आणि गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. मृत्यूबद्दल कोणाच्या मनात किंतू नव्हता.

आजही घरी किंवा वॉर्डात होणारे बहुतेक मृत्यू याच पद्धतीने ठरतात. भर पडली आहे ती ईसीजीच्या सरळ रेषेची आणि काही मिनिटे सलग निरीक्षण करण्याची. डॉक्टर खात्री करून जी वेळ नोंदवतात, तीच कागदोपत्री मृत्यूची वेळ असते.

मग व्याख्या का बदलली?

हृदय, फुफ्फुसे आणि मेंदू एकमेकांवर अवलंबून आहेत. १९२० मध्ये एक थांबले की बाकीची दोन काही मिनिटांत थांबत. १९५० नंतर व्हेंटिलेटर आले आणि ही साखळी तुटली. मेंदू कायमचा निकामी झाला तरी यंत्र श्वास देते, आणि प्राणवायू मिळत राहिला की हृदय काही काळ आपणहून धडधडते. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने अशा अवस्थेसाठी निकष मांडले. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाच्या मृत्यूला मान्यता दिली.

मेंदूस्तंभ म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा देठ. श्वासाची प्रेरणा आणि जागेपण इथून येते. तो कायमचा मेला की माणूस परत येत नाही. कोमा वेगळा: त्यात मेंदूस्तंभ जिवंत असतो आणि काही रुग्ण सुधारतात.

तपासणी कशी होते?

आधी बेशुद्धीचे कारण माहीत असावे लागते: डोक्याला मार, मेंदूत रक्तस्राव वगैरे. मग फसवी कारणे वगळतात: झोपेच्या किंवा भुलीच्या औषधांचा अंमल, शरीराचे तापमान फार उतरणे, क्षारांचा किंवा साखरेचा मोठा बिघाड. मधुमेही रुग्णाची साखर फार खाली गेली तर तो गाढ बेशुद्ध होतो, म्हणून हे वगळणे अत्यावश्यक आहे.

त्यानंतर पाहतात:

- बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का
- बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी मिटते का
- कानात गार पाणी सोडल्यावर डोळे हलतात का
- घशात नळी फिरवल्यावर ठसका किंवा उबळ येते का
- प्राणवायू चालू ठेवून व्हेंटिलेटर काढल्यावर, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढूनही, एक तरी श्वास आपणहून येतो का

या तपासण्या चार डॉक्टरांचे मंडळ करते आणि किमान सहा तासांनी सगळ्या पुन्हा होतात. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर या मंडळात नसतात. दोन्ही वेळा काहीच प्रतिसाद नसेल तरच प्रमाणपत्र दिले जाते.

मधेच रुग्णाचा हात किंवा पाय हलला तर घाबरू नका आणि आशाही धरू नका. ही हालचाल मज्जारज्जूतून येते, मेंदूतून नाही.

तुम्ही काय विचारावे?

रत्नागिरीत असा, पुण्या-मुंबईत असा, हे प्रश्न विचारणे तुमचा हक्क आहे: बेशुद्धीचे कारण काय? गुंगीची औषधे कधी बंद केली? साखर आणि क्षार ठीक आहेत का? पहिली तपासणी कधी झाली, दुसरी कधी होणार? घरातल्या एकाला समोर उभे राहू द्याल का? अवयवदानाबद्दल विचारणा झाली तर होकार किंवा नकार, दोन्ही तुमच्या हाती आहे. नकार दिलात तर व्हेंटिलेटरचे पुढे काय, हेही मोकळेपणाने बोलून घ्या.

सरदारगृहातल्या माणसांना नाडी थांबल्याचे हाताला कळले. आयसीयूत तुमच्या हाताला ठोका लागतो आणि डॉक्टर वेगळेच सांगतात, म्हणून स्वीकारणे जड जाते. वेळ मागा, पुन्हा समजावून घ्या. खात्री करून घेण्यात अविश्वास नाही. त्याच खात्रीसाठी तर ही तपासणी दोनदा होते.