स्वामी कुवलयानंद : योगाची परीक्षा घेणारा योगी

आमच्या देडतलाईत योगासनांचा विषय निघाला की दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक नर्मदाकाठच्या साधूचे, दुसरे शहरातल्या सुखवस्तू माणसाचे. बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, मेळघाटला लागून असलेले हे गाव. दिवसभर शेतात राबणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला, हा रोकडा सवाल तेथे कोणीही टाकील. त्याचे उत्तर मला एका चरित्रात सापडले.

स्वामी कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी, गुजरातेतील डभोईचा. घरची स्थिती बेताची. तरीही १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्यास कॉलेजचे शिक्षण चालू असतानाच राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावले. पुढे ते अमळनेरला अध्यापक झाले. अमळनेर म्हणजे आमच्या तापीच्याच खोऱ्यातले गाव! तेथील राष्ट्रीय वृत्तीच्या कॉलेजात ते प्राचार्यपदापर्यंत पोहोचले. मात्र १९२० च्या सुमारास ते कॉलेज सरकारी रोषामुळे बंद पडले.

दरम्यान १९१९ मध्ये नर्मदेकाठी मालसर येथे त्यांना वृद्ध योगी परमहंस माधवदासजी भेटले. गुरूने शिकवावे, शिष्याने गुप्तपणे जपावे, हा हठविद्येचा जुना रिवाज. गुण्यांनी मात्र ही विद्या थेट क्ष-किरणांसमोर नेली. बडोद्याच्या इस्पितळात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रिया तपासून पाहिल्या. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, म्हणूनच बस्तीत पाणी आपोआप वर ओढले जाते, हे त्यांनी दाखवून दिले. या पोकळीला नाव दिले तेही गुरूचे, माधवदासांचे. श्रद्धा आणि प्रयोग यांचे भांडण त्यांनी कधी मानलेच नाही.

१९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘योग-मीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. मला त्यांचा सर्वांत मोठा वाटणारा गुण येथे दिसतो. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हा सर्वत्र होता आणि आजही आहे. त्यांनी मोजमाप केले. समज टिकला नाही, आणि तसे त्यांनी छापून टाकले. प्राणायामाचे मोल दुसरीकडे आहे, असे त्यांचे मत बनले. योगाचा प्रचार करणाऱ्याने योगाविषयीचाच एक लाडका दावा खोडावा, हे आजच्या जाहिरातीच्या दिवसांत विरळाच.

१९३० च्या दशकात आलेले त्यांचे ‘आसन’ हे पुस्तक आमच्या गावच्या सवालापाशी येते. आसन म्हणजे स्नायू फुगवण्याची मेहनत नव्हे. सावकाश, ताण न देता शरीर एका स्थितीत ठेवायचे. काम होते ते पाठीच्या कण्यावर, मज्जासंस्थेवर, ग्रंथींवर. दिवसभर वाकून निंदणी करणाऱ्या बाईची पाठ श्रमाने मजबूत होते खरी, पण वाकते एकाच दिशेने. तिला डोंबाऱ्याच्या कसरती नकोत. भुजंगासनात पाठ उलट दिशेला वळवावी, शवासनात काही वेळ पडावे, इतके पुष्कळ. (विळा खाली ठेवायला तेवढी फुरसत मिळाली पाहिजे, हे वेगळे!) स्वामींनी याच पुस्तकात साधारण प्रकृतीच्या माणसासाठी पूर्ण क्रमासोबत सोपा आणि छोटा असे दोन क्रमही दिले, आणि शीर्षासन कोणी करू नये हेही बजावले. उपकरण नको, खर्च नको, सतरंजी पुरे.

महात्मा गांधींनी १९२७ मध्ये प्रकृतीसंबंधी त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक बेहनन त्यांच्यापाशी शिकून गेले. मुंबईत चौपाटीजवळ त्यांच्या संस्थेचे आरोग्यकेंद्र उभे राहिले, लोणावळ्यात योगाचे महाविद्यालय निघाले. आमच्या कन्नड विभागातील मित्रांना याच काळातले म्हैसूरचे कृष्णमाचार्य आठवतील. त्यांचे शिष्य अय्यंगार पुढे पुण्यास स्थायिक झाले, म्हणजे विद्येची देवाणघेवाण दोन्ही भाषांत चालूच होती.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामींचे देहावसान झाले. ‘योग-मीमांसा’ आजही निघते, आणि त्यात अजूनही मोजमापे छापली जातात.