फादर ग्रेगोर मेंडेल

गुहागरच्या वाड्यांत वाढलेल्या मनुष्यास हें सांगावयास नको कीं, उत्तम हापूसची कोय पुरली तरी तिच्यापासून हापूसच मिळेल असा भरंवसा नाहीं. झाड होतें, मोहर येतो, आणि फळ बहुधा रायवळाच्या तोंडवळ्याचें निघतें. म्हणून आपले बागाईतदार कलमें बांधतात. आईबापांचा गुण संततींत कोठें लपतो व कोठून परत येतो, हें कोडें मोजमाप करून ज्यांनीं उलगडलें ते फादर मेंडेल आपल्याच ख्रिस्तसभेंतील एक मठवासी होते. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

मेंडेल ह्यांचा जन्म १८२२ सालीं त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यांतील एका खेड्यांत, शेतकऱ्याच्या घरीं झाला. गांवच्या धर्मगुरूंना फळझाडांचा मोठा नाद. ते शाळेंतील मुलांनाही बागेची विद्या शिकवीत. पुढें वडील ओंडक्याखालीं सांपडून अधू झाले व मुलाचें शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हां धाकट्या बहिणीनें आपल्या हुंड्यांतील वांटा भावास दिला. हे उपकार मेंडेल विसरले नाहींत; तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार पुढें त्यांनीं उचलला. आज ब्रनो म्हणतात त्या शहरांतील ऑगस्टिनियन मठांत ते १८४३ सालीं शिरले व १८४७ सालीं त्यांना गुरुदीक्षा मिळाली. शिक्षकाच्या परवान्याची परीक्षा ते दोनदां बसले, पण ती त्यांच्या हातून कधींच पार पडली नाहीं. आमच्या तरुण वाचकांस हें वाचून थोडा धीर येईल.

१८५६ सालीं त्यांनीं मठाच्या बागेंत वाटाण्याचे प्रयोग आरंभिले. सुमारें आठ वर्षांत अठ्ठावीस हजारांच्या आसपास रोपें त्यांनीं तपासलीं. गुळगुळीत दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या जातींचा संकर केला, तों पहिल्या पिढींत सगळे दाणे गुळगुळीत. त्यांच्या पुढच्या पिढींत ५४७४ गुळगुळीत व १८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. नाहींसा झालेला गुण जसाच्या तसा परत आला होता! मेंडेल ह्यांनीं ताडलें कीं, प्रत्येक गुणाचा एक अंश आईकडून व एक बापाकडून येतो. त्यांतला एक दबून राहतो, पण विरघळत नाहीं. हापूसच्या झाडांतही असे भिन्न अंश एकत्र नांदतात, आणि प्रत्येक कोयींत त्यांची वांटणी नव्यानें होते. कलमांत ती होत नाहीं.

ह्याच सुमारास, १८५९ सालीं, डार्विन ह्यांचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ निघाला होता. लहान लहान भेदांतून निसर्ग निवड करतो व कालांतरानें नव्या जाति होतात, असें त्यांचें मत. परंतु आईबापांचे गुण दुधांत पाणी मिसळावें तसे मिसळतात, अशी तेव्हां समजूत होती. तसें असेल तर नवा गुण कांहीं पिढ्यांतच पातळ होऊन जाईल. मग निसर्गानें निवडावें तें काय? हा आक्षेप १८६७ सालीं जोरानें पुढें आला व डार्विन ह्यांस त्यानें बेजार केलें. उत्तर मात्र आधींच छापून झालें होतें! मेंडेल ह्यांनीं आपला निबंध १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ब्रनोच्या सभेंत वाचला आणि १८६६ सालीं तो प्रसिद्ध झाला. डार्विन ह्यांचा ग्रंथ त्यांनीं जर्मन भाषांतरांतून वाचून समासांत खुणाही केल्या होत्या. पण त्यांचा निबंध डार्विन ह्यांच्या वाचनांत आल्याचा पुरावा नाहीं. ह्याची आम्हांस हळहळ वाटते.

१८६८ सालीं मेंडेल मठाधिपति झाले. मग मठावरील कराबाबत सरकारशीं तंटा चालला व प्रयोग मागें पडले. ६ जानेवारी १८८४ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, ते निवर्तले. अंत्यविधीस संगीतकार यानाचेक ह्यांनीं ऑर्गन वाजविला. शहर मठाधिपतीसाठीं रडलें. शास्त्रज्ञ कोण गेला, हें फारच थोड्यांस ठाऊक होतें.

१९०० सालीं हॉलंड, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील तिघां वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तो निबंध पुन्हां उजेडांत आणला. प्रथम कित्येकांस मेंडेल व डार्विन ह्यांचीं मतें परस्परविरोधी वाटलीं. १९३० च्या सुमारास फिशर, राइट व हाल्डेन ह्यांनीं गणितानें तीं एकमेकांस पूरक असल्याचें दाखविलें. ह्यांपैकीं हाल्डेन १९५७ सालीं भारतांत राहावयास आले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले.