नाही म्हणणारे न्यायाधीश

सावकार कोऱ्या कागदावर अंगठा मागतो, गावचा पुढारी खोटी साक्ष मागतो, आणि मनात नसताही आपण मान हालवितो. नाही म्हटले तर तो रागावेल, दार बंद करील, ही धास्ती असते. अशा भित्र्या मनास रामशास्त्री प्रभुणे यांचे चरित्र फार उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

साताऱ्याजवळील माहुली हे त्यांचे गाव. तरुणपणी एका सावकाराच्या घरी चाकरी करीत असता ते हिणविले गेले, व त्या अपमानाने खचून न जाता काशीस जाऊन विद्या शिकले, असे सांगतात. १७५९ साली ते पुण्यास पेशव्यांच्या दरबारी मुख्य न्यायाधीश झाले.

थोरल्या माधवरावांचा त्यांजवर लोभ होता. तरी हे तरुण पेशवे जपतपात गढून कारभार विसरू लागले, तेव्हा शास्त्रीबोवांनी नोकरी सोडून काशीस जाण्याची रजा मागितली, अशी कथा आहे. माधवरावांनी राग न मानिता आपली चूक सुधारली.

परंतु सर्वच धनी असे नसतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, कसबा पेठेस लागून असलेल्या शनिवारवाड्यात, अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे गारद्यांच्या हातून मारले गेले, व त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. शास्त्रीबोवांनी चौकशी केली, तो दोष नव्या धन्यावरच आला. तेव्हा या पापास देहान्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय त्यांनी रघुनाथरावांस तोंडावर सांगितला. आणि त्यांच्या पदरी राहण्याचे नाकारून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

हे बळ त्यांस कोठून आले? एका दिवसाच्या शिध्याहून अधिक घरात ठेवावयाचे नाही, असा त्यांचा नेम होता म्हणतात. ज्याचे थोडक्यात भागते, त्यास कोणाच्या नाराजीचे भय किती दाखविणार?

पुढे बारभाईंनी त्यांस मानाने परत बोलाविले. १७८९ साली ते वारले. परंतु पुणे सोडिते वेळी परत बोलावणे येईल, याची त्यांस काय खात्री होती?

आपणही आधी ऋण कमी करावे, गरजा आवराव्या, आणि मग नम्रपणे पण स्पष्ट नाही म्हणावे. ऐकणारा माधवरावांसारखा निघेल की रघुनाथरावांसारखा, हे आपल्या हाती नाही; खरे ते बोलणे मात्र आपल्या हाती आहे.